डीएक्स-७ चे आवाज आणि सिक्वेन्सर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की मिडीतून (इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या संदेश-पद्धतीतून) फक्त स्वर जातात, आवाज जात नाही. म्हणून यामाहा डीएक्स-७ या सिंथेसायझर कीबोर्डाचे आवाज सिक्वेन्सरमध्ये (मिडी संदेश रेकॉर्ड करून परत वाजवणाऱ्या साधनात) साठवा हे माझं सांगणं ही दिशाभूल आहे. गाण्याच्या सुरुवातीला प्रोग्रॅम चेंज (आवाजाचा नंबर निवडणारा मिडी संदेश) टाकला की भागतं, असंही तुम्ही म्हणता. शिवाय तुम्ही करून पाहिलंत तेव्हा ट्रॅक कोराच राहिला.

कोऱ्या ट्रॅकचा दोष माझा. आवाज ज्यांतून जातात ते सिस्टिम एक्सक्लुसिव्ह संदेश (एखाद्या कंपनीच्या वाद्यापुरते खास मिडी संदेश) बरेच सिक्वेन्सर गाळून टाकतात. तो फिल्टर आधी बंद करा, हे मी लिहायला हवं होतं. डीएक्स-७ वरही फंक्शनमध्ये ८ नंबरच्या बटणाने ‘सिस इन्फो’ उपलब्ध करून घ्यावं लागतं, मग ‘मिडी ट्रान्समिट’ला यस म्हणायचं.

प्रोग्रॅम चेंजचं मात्र मला अजिबात पटत नाही. तो ‘१२ नंबर लाव’ एवढंच सांगतो. माझ्याकडे १२ नंबरला सनई होती, कित्येक रात्री जागून बसवलेली. आतली बॅटरी संपली आणि ३२ च्या ३२ आवाज गेले. त्यानंतरही प्रोग्रॅम चेंज बिनचूक १२ नंबर लावत होता, पण तिथे सनई नव्हती.

डीएक्स-७ मध्ये ध्वनिमुद्रण नसतंच. सहा ऑपरेटर (ज्यांच्यातून आवाज घडतो ते ध्वनिलहरी काढणारे भाग) कसे जोडायचे, किती वाजवायचे, याचे आकडे असतात. एका आवाजाचे १५५, त्यात नावाची १० अक्षरंही आली. आकडे मिडीतून खुशाल जातात. बँक, म्हणजे सगळ्या ३२ आवाजांचा संच, पाठवताना प्रत्येक आवाज १२८ बाइटांत आवळला जातो. ३२ आवाजांचे मागचं-पुढचं धरून ४,१०४ बाइट होतात. मिडीचा वेग सेकंदाला ३,१२५ बाइट, म्हणजे सव्वा सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो.

ही बँक गाण्याच्या फाइलीत ठेवू नका. तेवढ्या वेळात आलेले स्वर रखडतील, आणि गाणं लावाल तेव्हा दर वेळी कीबोर्डातले सगळे ३२ आवाज पुसून पुन्हा लिहिले जातील. वेगळी फाइल करा, तिला क्वांटाइझ (रेकॉर्ड झालेलं ठोक्यावर सरकवणं) लावू नका.

आता एवढं करा. बँक रेकॉर्ड झाली की मेमरी प्रोटेक्ट (साठवलेले आवाज चुकून पुसू न देणारं कुलूप) काढा, एका आवाजाचं नाव बदलून त्याच जागी साठवा आणि तो ट्रॅक वाजवा. जुनं नाव परत दिसलं तर बॅकअप झाला. नाही दिसलं, तर सिक्वेन्सर कोणता वापरता ते कळवा, आपण पुन्हा बघू.