ॲमीला कुणीही झपाटलेलं नाही

"तुमचं मूल एकटंच कुणाशी तरी बोलतं? आजच सावध व्हा!" अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मजकूर पालकांच्या गटांमधून फिरतो आहे. तो वाचून माझ्या बहिणीने चार वर्षांच्या लेकाला समोर उभं केलं आणि "इथे कुणी नाही" असं त्याच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. म्हणून हे लिहिते आहे.

मजकुराने आधार घेतला आहे 1944 च्या 'द कर्स ऑफ द कॅट पीपल' या कृष्णधवल चित्रपटाचा. दावे असे: मेलेल्या मांजरबाईचं भूत सहा वर्षांच्या ॲमीच्या अंगात शिरतं. काल्पनिक मित्र हे मनोविकाराचं पहिलं लक्षण, असं चित्रपटाने तेव्हाच दाखवून दिलं. उपाय एकच, 'तसं कुणी नाही' हे मुलाकडून कबूल करून घ्यायचं. सेटवर अघटित घडल्याने दिग्दर्शक मध्येच पळाला. आणि ॲमीचं काम करणारी मुलगी पुढे वेडी झाली.

"अंगात शिरतं." चित्रपट सत्तर मिनिटांचा आहे, लिहिणाऱ्याने तो पाहिलेला दिसत नाही. घटनांचा क्रमच बघा. शेजारच्या जुन्या वाड्यातली म्हातारी, मिसेस फॅरन, ॲमीला एक अंगठी देते. घरात काम करणारा एडवर्ड तिला सांगतो की अशा अंगठीकडे काही मागता येतं. ॲमी मैत्रीण मागते. अंगणातला उजेड बदलतो, वारा सुटतो, पानं गळतात, आणि ॲमी कुणाशी तरी खेळू लागते. या मैत्रिणीला अजून चेहरा नाही, आपल्याला ती दिसतही नाही. त्यानंतर घरात वडिलांच्या मेलेल्या पहिल्या बायकोचा, इरेनाचा, फोटो ॲमीच्या हाती लागतो. मजकुरातली मांजरबाई ती हीच. तिथून पुढे मैत्रीण इरेनाच्या रूपात येते. आधी गरज, मग मैत्रीण, आणि चेहरा सगळ्यात शेवटी, तोही घरातल्याच फोटोवरून उचललेला. भूत शिरायचं असतं तर चेहऱ्यासाठी फोटोची वाट कशाला पाहिली असती? इरेना तिला गाणं ऐकवते, सोबत करते, आणि शेवटी स्वतःहून निघून जाते. ॲमी बाहुलीसारखी दुसऱ्याच्या तालावर वागते असा एकही प्रसंग यात नाही.

आता तो उपाय. संताप याच मुद्द्याचा येतो, कारण मजकूर जे करायला सांगतो तेच चित्रपटातला बाप करतो आणि पोर जीवावरच्या संकटात सापडते.

सुरुवातीचा वाढदिवसाचा प्रसंग आठवा. अंगणातलं एक पोकळ झाड म्हणजे जादूची टपालपेटी, असं बापानेच कधीतरी ॲमीला सांगितलेलं असतं. ती वाढदिवसाची सगळी आमंत्रणं विश्वासाने त्या झाडात टाकते, आणि एकही मूल येत नाही. म्हणजे कल्पना बापाने रचली तर ती गंमत, मुलीने खरी मानली तर तिचा दोष. पुढे तोच बाप, ऑलिव्हर, तिला अंगणाकडे बघायला लावतो आणि तिथे कुणी आहे का, असं दरडावून विचारतो. ॲमीला मैत्रीण दिसते, ती तसं सांगते, आणि मार खाते. खोटं बोलली असती तर मार चुकला असता. कबुली मागणारा उपाय मुलाला नेमकं हेच शिकवतो: दिसतं ते लपव, मोठ्यांना हवं ते बोल.

त्या मारानंतर ॲमी बर्फाच्या वादळात एकटी घराबाहेर पडते. वाटेत घोड्याच्या टापा ऐकू येतात. म्हातारीने तिला स्लीपी हॉलोच्या मुंडकं नसलेल्या घोडेस्वाराची गोष्ट सांगितलेली असते, त्यामुळे ती थिजते. प्रत्यक्षात जाते एक मोटर. ती फॅरनच्या वाड्यात पोचते, तर तिथे म्हातारीची मुलगी बार्बरा उभी. तिची स्वतःची आईच तिला ओळखत नाही, माझी मुलगी सहा वर्षांची असताना मेली म्हणते. आईचा जीव या परक्या पोरीवर, म्हणून बार्बरा ॲमीचा गळा दाबायला निघालेली असते. ॲमीला तिच्या जागी इरेना दिसते, ती तिला 'मैत्रीण' म्हणून मिठी मारते, आणि बार्बराचे हात सैल पडतात. ज्या कल्पनेला मजकूर रोग म्हणतो, तिनेच मुलीचा जीव वाचतो. शिक्षिका मिस कॅलाहन तर पालकांना फ्रान्सिस विक्स यांच्या 'द इनर वर्ल्ड ऑफ चाइल्डहूड' या मुलांच्या मनाविषयीच्या 1927 च्या पुस्तकाचा दाखला देते. चित्रपट कुणाच्या बाजूचा आहे हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं?

चित्रपट बाजूला ठेवला तरी दावा टिकत नाही. ओरेगॉन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सात वर्षांची होईपर्यंत 100 पैकी 65 मुलांना कधी ना कधी काल्पनिक सोबती होता. ज्याच्याशी मूल माणसासारखं बोलतं असं खेळणंही त्यांनी त्यात धरलं आहे. टेलर यांच्या कामातला आणखी महत्त्वाचा भाग असा की प्रश्न विचारणाऱ्या मोठ्यांना मुलं बरेचदा स्वतःच बजावतात, "हे खोटं-खोटं आहे हं." आणि हे मित्र पुष्कळदा हट्टी असतात, मुलाचं ऐकत नाहीत. तेव्हा "तो माझं ऐकतच नाही" या तक्रारीनेही घाबरून जाऊ नका.

करायचं काय? मुलाने आपणहून विषय काढला तर एखादा साधा प्रश्न विचारा, 'तो कुठे बसलाय?' एवढाच. उलटतपासणी नको आणि थट्टाही नको. दुसरी चूक उलट बाजूची: आईबापच त्या मित्राच्या आवाजात "दूध पी" म्हणू लागतात. मित्र मुलाचा आहे, त्याचे संवाद तुम्ही लिहू नका. मात्र मूल त्याला खरोखर घाबरत असेल, झोप उडाली असेल, इतर मुलांमध्ये जाणं पूर्ण बंद झालं असेल, किंवा 'तो मला मारायला सांगतो, मला नाही म्हणता येत नाही' असं म्हणत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. तेव्हाही शोध मुलाला कशाची भीती बसली आहे याचा घ्यायचा.

एक गोष्ट मान्य करावी लागते. नावात 'शाप' आहे, आणि 1942 च्या 'कॅट पीपल' या भयपटातली पात्रंही इथे आहेत, त्यामुळे न पाहणाऱ्याची फसगत होऊ शकते. पण ते नाव आरकेओ स्टुडिओने लादलेलं. निर्माते व्हॅल ल्यूटन यांना 'ॲमी अँड हर फ्रेंड' हवं होतं. आणि हो, घोडेस्वाराची गोष्ट आणि जिन्यावरचा शेवट लहान मुलांना भिववतील. पाच-सहा वर्षांच्या मुलांना हा चित्रपट दाखवू नका.

दिग्दर्शक पळाला नाही. गुंथर फॉन फ्रिच वेळापत्रकाच्या फार मागे पडले, म्हणून स्टुडिओने त्यांना काढलं आणि संकलक रॉबर्ट वाइज यांना बसवलं. वाइज यांचं दिग्दर्शक म्हणून पहिलं नाव याच चित्रपटावर लागलं.

आणि ॲमीचं काम करणारी ॲन कार्टर वेडी झाली नाही. तिला पोलिओ झाला, पडद्यावरचं काम सुटलं, ती बरी झाली, पुढे शिक्षिका झाली आणि 2014 मध्ये, वयाच्या 77 व्या वर्षी वारली.