रसिक व्हायचंय? आधी हॉलीवूड सोडा

परदेशी चित्रपटांचे जाणकार म्हणून मिरवायचं असेल, तर अमेरिकन चित्रपट आवडणं आजपासून बंद. अमेरिकाही परदेशातच येते की, असं कोणी म्हणालं तर उत्तर देऊ नका, नुसतं दयेने बघा. आपला परदेश म्हणजे इराण, हंगेरी, जपान, फार तर फ्रान्स. कोरियाही चालायचा, पण २०२० मध्ये ‘पॅरासाइट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आणि तो देश हातचा गेला. आता तर शेजारच्या काकूही कोरियन मालिका बघतात.

चित्रपट निवडताना आधी लांबी बघा. हंगेरीच्या बेला तारचा ‘सातानटँगो’ सात तासांच्या वर जातो, म्हणजे चिंता नाही. सुरुवातीलाच गोठ्यातून गायी बाहेर पडतात, चिखलात हिंडतात आणि कॅमेरा कितीतरी मिनिटं त्यांच्या कडेकडेने सरकत राहतो. हा चित्रपट गावाकडच्या मामांसोबत बघू नका. ते दुसऱ्याच मिनिटाला विचारतील, “धार कधी काढणार?”

त्याहून वरची पायरी म्हणजे बेल्जियमची दिग्दर्शिका शांताल अकेरमन हिचा १९७५ चा ‘जान दिएलमन’. तीन तास वीस मिनिटं ब्रसेल्समधली एक विधवा स्वयंपाक करते, भांडी घासते, बटाटे सोलते. आपल्या घरी आई रोज हेच करते, तेव्हा आपण मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, पण त्याचा इथे संबंध नाही. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या २०२२ च्या सर्वश्रेष्ठ चित्रपटांच्या मतदानात समीक्षकांनी याच चित्रपटाला पहिला क्रमांक दिला, हे मात्र दर दहा मिनिटांनी सांगावं. दुसऱ्या दिवशी बाईंचे बटाटे करपतात आणि तेवढ्यानेही पोटात गोळा येतो, कारण तोवर त्या घराची शिस्त आपल्या अंगात भिनलेली असते. हे चुकूनही बोलू नका. चित्रपटात चक्क उत्कंठा होती, असं लोकांना वाटायचं. आपण म्हणायचं, “काळाचा अवकाश.”

महोत्सवात पास गळ्यात अडकवून फिरा, चहाच्या टपरीवरही काढू नका. जपानच्या कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’वरून हॉलीवूडने १९६० मध्ये ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ काढला, हे रांगेत चार जणांना ऐकू जाईल असं सांगा. खुद्द कुरोसावा अमेरिकन दिग्दर्शक जॉन फोर्डच्या वेस्टर्नपटांवर, म्हणजे काउबॉयच्या चित्रपटांवर, फिदा होता, हे गिळून टाका. फ्रान्सच्या गोदारने ‘ब्रेथलेस’ मोनोग्राम या स्वस्तातले चित्रपट काढणाऱ्या अमेरिकन कंपनीला अर्पण केला आणि त्याचा नायक हॉलीवूडच्या हम्फ्री बोगार्ट या नटाची नक्कल करत फिरतो, ही तर घरातली भानगडच. त्या मंडळींना हॉलीवूड आवडत असेल, पण ते पडले दिग्दर्शक. त्यांना परवडतं.

सर्वांत धोकादायक म्हणजे इटलीचा ‘बायसिकल थीव्ज’. १९५२ साली भारतातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो मुंबईत दाखवला गेला. जेमतेम दीड तास, सरळ गोष्ट. बाप आणि पोरगा रोमभर चोरीला गेलेली सायकल शोधतात. तुमच्या आजीलाही कळेल, म्हणजे बघा! त्याचं नाव निघालं तर “ठीक आहे, जरा भावुक आहे” एवढंच म्हणा. शेवटी बापच सायकल चोरताना पकडला जातो, पोरगा रडत त्याचा हात धरतो, तेव्हा चष्मा काढावा लागला तर घाबरू नका. कोणी विचारलंच, तर सबटायटलं फार बारीक होती म्हणावं.