हिरवळ वर, वाळुंज खाली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पुण्यात मुळा-मुठेकाठी उद्यान कसं आखावं, या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत, आणि देखभालीबद्दल एक प्रश्न. निळ्या पूररेषेपर्यंत (नकाशावर आखलेली पुराची हद्द) पाणी 25 वर्षांतून एकदा येतं, मग तेवढ्यासाठी जागा रिकामी का ठेवायची? काठावर झाडोरा वाढू दिला की डास आणि टवाळखोर येतात. आणि अहमदाबादेत साबरमतीच्या बांधीव, पाण्यानं भरलेल्या नदीकाठाला जमलं ते पुण्याला का जमू नये? दुसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे.

आधी पूररेषा. 25 वर्षांचा पूर म्हणजे आज आला की पुढची 24 वर्षं निर्धास्त, असं नसतं. तो येण्याची शक्यता दर पावसाळ्यात 4 टक्के असते आणि 25 वर्षांत किमान एकदा येण्याची सुमारे 64 टक्के. शिवाय रेषेच्या आतली सगळी जागा सारखी नसते. नदीपात्रातल्या ठेंगण्या भिडे पुलाच्या पातळीचा पट्टा बहुतेक पावसाळ्यांत बुडतो. जुलै 2024 मध्ये खडकवासला धरणातून सुमारे 35 हजार क्यूसेक पाणी सोडलं, तेव्हा सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. म्हणून काय कुठं ठेवायचं हे आवडीवर सोडून चालत नाही, ते पाण्याची पातळी ठरवते.

हिरवळ, खेळणी, स्वच्छतागृह, चहाची टपरी हवीच, पण निळ्या रेषेबाहेर. दरवर्षी बुडणाऱ्या पट्ट्यात हिरवळ केली तर पुरानंतर तिच्यावर गाळ बसतो आणि गवत खालीच कुजतं. वाळूवर बसवलेले पेव्हर ब्लॉक खालची वाळू वाहून गेली की उचकटतात. सगळ्यात वाईट म्हणजे नदीला आडवं येणारं जाळीदार रेलिंग. त्याला जलपर्णी आणि प्लास्टिक अडकून बंधारा तयार होतो. मग पाणी बाजूनं वाट काढतं आणि काठ कापून नेतं.

दरवर्षी बुडणारा पट्टा आणि निळी रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात 3 मीटर रुंदीची पायवाट पुरते: खाली 15 सेंटीमीटर दगडी सोलिंग (दगडांचा थर), वर 10 सेंटीमीटर दाबलेला मुरूम, नदीच्या बाजूला 40 ला 1 उतार (40 मीटरला 1 मीटर). ओघळ ओलांडताना सिमेंटचा पाइप टाकू नका, तो पहिल्याच पावसात तुंबतो. तिथे ठेंगणा फरशी पूल करा, पाणी वरून जाऊ द्या. मुरूम वाहून गेला तर ट्रॉलीभर आणून पुन्हा दाबता येतो. काँक्रीटखालची माती गेली तर पोकळी दिसत नाही आणि एक दिवस स्लॅब खचतो.

पाण्यालगत वाळुंज (नदीकाठी वाढणारं विलोच्या जातीचं झाड), करंज, उंबर, लव्हाळा. ही लागवड पावसाळ्याच्या तोंडावर करू नका. आपल्याकडे जूनमध्ये झाडं लावायची सवय आहे, पण खालच्या उतारावरचं जूनचं रोप जुलैच्या पुरात जातं. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा. जमीन ओली असते आणि मुळं धरायला सात-आठ महिने मिळतात, फक्त पहिले दोन उन्हाळे पाणी घालावं लागतं. वाळुंजाच्या मीटरभर फांद्या दोन तृतीयांश जमिनीत गाडल्या की फुटतात. उघड्या उतारावर वाळ्याचे ठोंब 10 ते 15 सेंटीमीटर अंतरानं, समपातळीत ओळी धरून लावावेत. काही जागी मातीची उभी दरड तशीच राहू द्या. वेडा राघू आणि खंड्या तिथेच बिळं करतात, दगडी पिचिंगमध्ये (दगड बसवून झाकलेल्या काठात) त्यांना चोच खुपसता येत नाही.

आता डास. डेंग्यूचा डास वाढतो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात, म्हणजे टायर, कुंड्या, टाक्यांत. क्युलेक्स जातीचा डास वाढतो साचलेल्या सांडपाण्यात. काठावरचा उंबर तोडून यातला एकही कमी होणार नाही. नाले आधी अडवून शुद्धीकरण केंद्राकडे वळवले नाहीत, तर उद्यान कितीही देखणं करा, संध्याकाळी कुणी बसणार नाही. पायवाटेआधी खर्च करायचा तो इथे.

टवाळखोरांबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. मागच्या लेखात मी दिवेच नकोत असं लिहिलं होतं, ते मागे घेतो. बाई एकटी चालायला कचरत असेल, तर ते उद्यान अर्ध्या शहरासाठी बंदच म्हणायचं. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना 2 मीटरपर्यंत झुडपं गुडघ्याएवढी छाटा, झाडांच्या फांद्या अडीच मीटरच्या वर ठेवा, दर 250-300 मीटरला रस्त्याकडे बाहेर पडायची वाट द्या. दिवे पिवळसर, खाली झाकलेले, उद्यान बंद झालं की विझणारे, आणि त्यांची वायरिंग वरच्या पट्ट्यातून. व्हीलचेअरसाठी प्रत्येक वाटेला रॅम्प हवा, त्याचा उतार 12 ला 1 पेक्षा तीव्र नको. मागच्या लेखात तोही राहून गेला होता.

साबरमतीबद्दल थोडक्यात. अहमदाबादेत पात्र वर्षातला बराच काळ कोरडं असायचं. आज तिथे दिसतं ते नर्मदा कालव्याचं पाणी, वासणा बॅरेजनं अडवलेलं. आपल्याकडे पावसाळा सोडला तर वाहतं ते बहुतांशी शहराचं सांडपाणी. ते अडवून तुडुंब ठेवलं तर नौकाविहाराऐवजी जलपर्णीच वाढेल.

तुम्ही देखभालीचं विचारलं आहे. आखणीआधी एक पावसाळा संपू द्या आणि काठावरच्या झाडांना अडकलेल्या प्लास्टिकची उंची मोजून नकाशावर मांडा. त्या वर्षीच्या पुराची रेषा फुकटात मिळते. बाकडी त्या रेषेच्या वरच ठेवा. पूर ओसरताना पायवाटेवरचा गाळ ओला असतानाच, दोन-तीन दिवसांत, पंपानं नदीचंच पाणी मारून धुऊन काढा. एकदा वाळला की कुदळीशिवाय निघत नाही, आणि कुदळ लागली की मुरूमही निघतो.