रबराच्या बियांची ‘चोरी’: एक खुलासा

‘एका इंग्रजाने ब्राझीलचा कायदा मोडून रबराच्या ७०,००० बिया लपवून पळवल्या,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. आकडा साधारण बरोबर आहे. कायद्याची गोष्ट मात्र तशी नाही.

१८७६ साली हेन्री विकहॅमने तापाजोस नदीकाठच्या जंगलातून बिया गोळा केल्या, तेव्हा त्या देशाबाहेर नेण्यास ब्राझीलमध्ये बंदीच नव्हती. शिवाय एवढा माल लपवायचा तरी कुठे? लंडनच्या क्यू उद्यानासाठी नाजूक वनस्पती-नमुने नेत असल्याचे त्याने सांगितले आणि बोट सुटली. हे सांगणे अर्धवट होते, एवढे म्हणता येईल. थरारक सुटकेची कहाणी रंगवली ती खुद्द विकहॅमनेच, म्हातारपणी.

खरी घाई वेगळ्याच कारणाने होती. रबराचे बी तेलकट असते, काही आठवड्यांत त्याची उगवणशक्ती जाते. क्यूमध्ये जेमतेम २,७०० बिया उगवल्या, म्हणजे शंभरातल्या चारही नाहीत! त्यातली १,९०० हून अधिक रोपे त्याच वर्षी काचेच्या बंद पेट्यांतून श्रीलंकेला गेली. १८७७ मध्ये सिंगापूरला २२ पोहोचली.

त्याआधी, १८७३ मध्ये आलेल्या बियांपासून झालेली काही रोपे कोलकात्याला पाठवली होती, ती जगली नाहीत.

ब्राझीलला न विचारता, मोबदला न देता हे झाले, हा आक्षेप रास्तच आहे. पण त्याला ‘तस्करी’ म्हणू नये.