वर मजला चढवताय? मग राहणाऱ्याचा विचार करून चढवा

नाशकात सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, कुठेही जा, गल्लीत वाळू-विटांचे ढीग आहेत. रो-हाऊसवर एक मजला, बाहेरून लोखंडी जिना, वर दोन वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. मला याचा आनंदच आहे. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत लागलेल्या पोरांना आणि नव्याने संसार मांडणाऱ्यांना परवडणारी जागा अशाच वरच्या मजल्यांवर मिळते. जुन्या नाशकातल्या वाड्यांतही एका दरवाजाआड चार-चार बिऱ्हाडं नांदलीच की.

माझा राग बांधण्याच्या पद्धतीवर आहे. परवा एका ओळखीच्या जोडप्याकडे गेलो होतो. घरमालकाने साईड मार्जिनवर, म्हणजे घराच्या बाजूला मोकळी सोडायच्या जागेवर, पत्रा टाकून त्यांची खोली काढलेली. ओट्यासमोर खिडकी आहे, पण उघडली की हातभर अंतरावर शेजारची भिंत. भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. फोडणी दिली की धूर तिथेच कोंडतो आणि त्याच खोलीत झोळीत तान्हं बाळ. याला घर म्हणून भाडं घेणं मला पटत नाही.

वर चढवायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाया आणि कॉलम तपासून घ्या. 'काही होत नाही' या मिस्त्रीच्या शब्दावर वर माणसं झोपवू नका. परवानगीला घाबरायचंही कारण नाही. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक बांधकाम नियमावलीने मंजूर लेआउटमधल्या १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटचं काम बरंच सोपं केलंय. नियमात बसणारा नकाशा आर्किटेक्टमार्फत दाखल करून शुल्क भरलं, की ती पावतीच परवानगी धरतात.

वीजमीटर वेगळं घ्याच. एका मीटरवर दोन संसार चालले की युनिट जास्त दराच्या टप्प्यात जातात, बिल वाढतं आणि दर महिन्याला बिलावरून कुरबुर. भाडेकरारही नोंदवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावरच टाकली आहे.

आणि वेगळी जागा फक्त भाडेकरूसाठीच का? खाली आई-वडिलांसाठी एक खोली, छोटा ओटा, कमोड, धरायला दांडी आणि उंबरा नसलेलं दार, वर मुलगा-सून. 'चूल वेगळी झाली म्हणजे घर फुटलं' हे आपण मनातून काढायला हवं. म्हाताऱ्या माणसाला हवा तेव्हा आपला चहा करून घेता येणं, ही फार मोठी गोष्ट आहे.

२०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीवर डोळा ठेवून काहीजण घाईने खोल्या काढतायत. पर्वण्या संपतील, त्या खोल्यांत लोक पुढची तीस वर्षं राहतील. महापालिकेला माझी एकच मागणी आहे: सिडकोच्या छोट्या प्लॉटसाठी उजेड, वारा आणि जिना धरून दोन-तीन नमुना नकाशे तयार करा आणि विभागीय कार्यालयांत फुकट ठेवा.