‘पॉलिसी घे आणि बिनधास्त चालव’ म्हणे!

माझी बहीण साताऱ्याला असते. कॅलिफोर्नियाच्या डीएमव्हीशी, म्हणजे तिथल्या आरटीओशी, तिचा संबंध एवढाच, की तिचा मुलगा सनीवेलला नोकरीला आहे आणि मित्राची गाडी दारू पिऊन चालवताना पकडला गेला. कोर्टाने दोषी ठरवलं, लायसन्स सस्पेंड. शनिवारी तिचा फोन आला, “दादा, सुटलो रे! एक पॉलिसी घेतली की झालं, ग्रुपवर आलंय.”

क्रिकेट ग्रुपवरचा तो मेसेज भाच्याकडून तिच्याकडे आणि तिच्याकडून माझ्याकडे आला. त्याचा मथितार्थ असा: स्वतःची गाडी नसेल तर ‘नॉन-ओनर एसआर-२२’ घ्या, सस्पेंड असलात तरी दुसऱ्याची गाडी चालवता येते, पोलिसाला फक्त कार्ड दाखवायचं. रूममेटची गाडीही कव्हर होते. चार महिन्यांनी पॉलिसी बंद करा. आणि काहीच नको असेल तर मुदत संपेपर्यंत गप्प बसा, लायसन्स आपोआप सुरू होतं.

आधी ते कार्ड. अरे, एसआर-२२ ही पॉलिसीसुद्धा नव्हे! या माणसाकडे किमान लायबिलिटी विमा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, आहे, असा विमा कंपनीने डीएमव्हीला पाठवलेला तो दाखला. लायसन्स परत मिळवायच्या कागदांतला एक कागद, लायसन्स नव्हे. कॅलिफोर्नियाच्या व्हेइकल कोडचं कलम १४६०१.२ कुणीही उघडून वाचावं. दारूच्या गुन्ह्यात दोषी ठरून लायसन्स गेलेला माणूस, ते गेलंय हे माहीत असून गाडी चालवताना सापडला, तर पहिल्याच वेळी किमान १० दिवस तुरुंग आणि ३०० ते १,००० डॉलर दंड. खिशात पॉलिसी असली तर माफ, असं त्यात कुठेही नाही. वर पोलीस गाडी ३० दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात. गाडी कुणाची? रूममेटची! तो बिचारा सकाळी ऑफिसला निघणार आणि गाडी टो यार्डात, तिथलं भाडं रोज चढतंय. शिवाय लायसन्स नाही हे ठाऊक असून किल्ली दिली, म्हणून त्याच्याही गळ्याशी येणार.

एक अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो. एसआर-२२ भरून, डीयूआयच्या, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीच्या, वर्गात नाव घालून, फी भरली की मर्यादित लायसन्स मिळू शकतं, किंवा गाडीत फुंकर मारल्याशिवाय इंजिन सुरू न होणारं यंत्र बसवून. पण ते डीएमव्हीने दिल्यावर, त्याच्या अटींवर. मेसेज लिहिणाऱ्याने ‘मिळू शकतं’चं ‘मिळालंच’ करून टाकलंय.

रूममेटच्या गाडीचं तर विचारूच नका. नॉन-ओनर पॉलिसी कधीमधी मागून आणलेल्या गाडीसाठी असते. एकाच घरात राहणाऱ्याची, रोज हाताशी असलेली गाडी बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेलीच असते. आणि जिथे लागू होते, तिथेही भरपाई समोरच्याच्या नुकसानीची. २०२५पासून कॅलिफोर्नियात विम्याची किमान मर्यादा एका माणसाच्या इजेला ३०,०००, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेला मिळून ६०,००० आणि मालमत्तेला १५,००० डॉलर आहे. मागून आणलेल्या गाडीचा बंपर गेला तर तो तुमच्या खिशातून.

चार महिन्यांनी बंद करा? दाखला तीन वर्षं चालू ठेवावा लागतो. हप्ता चुकला की कंपनी स्वतःच डीएमव्हीला कळवते आणि लायसन्स पुन्हा सस्पेंड. ‘आपोआप’ही थापच. वर्ग, फी आणि दाखला पुरा होईपर्यंत मुदत कागदावर संपली तरी लायसन्स बंदच.

नॉन-ओनर पॉलिसी स्वस्त पडते, हे मात्र खरं. गाडीच नाही, तर तिचा विमाही नाही.

बहिणीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग त्याने ऑफिसला जायचं कसं?” म्हटलं, कॅलट्रेनचं, म्हणजे तिथल्या लोकलचं, स्टेशन त्याच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे, ताई.