हान्स क्युंग चर्च सोडून का गेले नाहीत

पोपच्या शिकवणीवर उघड प्रश्न विचारणारे कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ हान्स क्युंग यांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, एवढं पटत नव्हतं तर बाहेर पडायचं ना, धरून कोणी ठेवलं होतं? मला हा प्रश्नच अन्यायाचा वाटतो. शिवाय त्यांना चर्चमधून हाकलून दिलं असंही लोक बिनधास्त सांगतात, ते साफ खोटं आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

क्युंग स्वित्झर्लंडचे, जन्म 1928, धर्मगुरू झाले 1954 ला. पस्तिशीच्या आतच पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेसाठी (जगभरच्या कॅथलिक बिशपांची मोठी सभा) तज्ज्ञ सल्लागार नेमलं, म्हणजे हा माणूस बाहेरून दगड मारणारा कधीच नव्हता. त्याच परिषदेत जर्मन धर्मशास्त्रज्ञ जोसेफ रात्झिंगरही, म्हणजे पुढचे पोप, तज्ज्ञ होते आणि पुढे 1966 ला त्यांना क्युंग शिकवत होते त्या जर्मनीतल्या ट्युबिंगन युनिव्हर्सिटीत आणण्यात क्युंगचाच पुढाकार होता!

मग 1968 ला पोप सहावे पॉल यांनी कृत्रिम गर्भनिरोधावरची बंदी कायम ठेवली, याच विषयावरच्या त्यांच्याच कमिशनच्या बहुमताचा कौल बदलाच्या बाजूने असूनही. क्युंगनी विचारलं, असं का झालं? त्यांचं उत्तर असं की आधीचे पोप इतकी वर्षं जे शिकवत आले ते चुकलं होतं असं रोमला, म्हणजे पोप आणि त्यांच्या कारभाराला, म्हणताच येत नव्हतं, आणि म्हणून क्युंगनी थेट 1870 च्या सिद्धांतालाच हात घातला. श्रद्धा आणि नीती याबाबत पोप सगळ्या चर्चसाठी अंतिम म्हणून जे जाहीर करतात त्यात चूक होऊच शकत नाही, असा तो सिद्धांत. क्युंगचं म्हणणं एवढंच होतं की चर्चच्या हातून चुका होतात, तरी देव त्याला सत्यापासून तुटू देत नाही. मला तर यात जास्त श्रद्धा दिसते.

18 डिसेंबर 1979 ला रोमने जाहीर केलं की क्युंग यापुढे कॅथलिक थिऑलॉजियन (धर्मशास्त्रज्ञ) म्हणून शिकवू शकत नाहीत. बस, एवढंच. धर्मगुरूपद काढलं नाही, बहिष्कृत केलं नाही, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करायला बंदी नव्हती. युनिव्हर्सिटीने त्यांची प्रोफेसरकी कॅथलिक फॅकल्टीच्या बाहेर ठेवून चालू ठेवली आणि 1996 ला रिटायर होईपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले.

आता आपल्या नावाने कोणी काय शिकवावं हे ठरवायचा हक्क चर्चला आहे, हे मला मान्य आहे. क्युंगची भाषा फार धारदार असायची, पोप दुसरे जॉन पॉल यांच्याबद्दल तर खूपच, हेही मान्य. पण रोमला चौकशीला या म्हटल्यावर क्युंगनी काय मागितलं होतं? आपल्यावरची फाइल बघायला मागितली होती. ती मिळाली नाही. व्हॅटिकनचं जे ऑफिस आरोप ठेवणार तेच तपास करणार आणि निकालही तेच देणार, समोरच्याला कागदसुद्धा दाखवणार नाही, आणि वर हा माणूस आज्ञा पाळत नाही म्हणायचं, हे मला कुठल्याही अंगाने न्यायाचं वाटत नाही.

काही जण इथे डोमिनिकन संघाचे फ्रेंच धर्मगुरू इव्ह कोंगार यांचं उदाहरण देतात, बघा, गप्प बसून सोसलं. खरंय, 1954 ला त्यांचं शिकवणं बंद केलं आणि त्यांना दूर पाठवलं, आणि पुढे तेच परिषदेत तज्ज्ञ झाले, 1994 ला तर कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा मान. पण त्यांची डायरी वाचली तर ती गप्प वर्षं त्यांना किती आतून जाळत होती ते कळतं, आणि मुख्य म्हणजे कोंगारही सोडून गेले असते तर परिषदेला तो माणूस मिळालाच नसता. चर्च बदलतं ते आत टिकून राहिलेल्यांमुळेच ना?

2005 ला पोप सोळावे बेनेडिक्ट झालेल्या रात्झिंगरनी क्युंगना कास्तेल गांदोल्फोला, पोपच्या उन्हाळी निवासस्थानी, भेटायला बोलावलं. तासन्‌तास बोलले दोघं, पण वादाचे मुद्दे बाजूला ठेवायचं आधीच ठरलेलं, त्यामुळे शिकवायच्या परवानगीबाबत काहीच हललं नाही. 2016 ला क्युंगनी पोप फ्रान्सिसना पत्र लिहिलं की 1870 च्या त्या सिद्धांतावर मोकळी चर्चा होऊ द्या, आणि क्युंगच्या सांगण्यानुसार उत्तर आपुलकीचं आलं, चर्चेला आडकाठी न घालणारं. छानच झालं ते. पण 6 एप्रिल 2021 ला क्युंग गेले तोवर 1979 चा निर्णय कोणी मागे घेतला नव्हता. तो आता तरी घ्यावा आणि ती फाइल अभ्यासकांना पूर्ण खुली करावी, असं मला मनापासून वाटतं.